मिठाला एक रबरबँड

३ मार्च, सोमवार

दार लावलं. आतून कडी घातली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच कडीच्या आत मी एकटी.

बाबा सामान टाकून भराभर जिना उतरले. त्यांना निरोप घेता येत नाही, नुसता घसा खाकरतात. आई बराच वेळ दाराबाहेर उभी होती. चपलांचा आवाज लांब जाईना. शेवटी मी आतूनच म्हटलं, "आई, जा आता." मग गेली, सावकाश.

हे संस्थेचं सरावाचं घर. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम, तिसरा मजला. ज्यांना दिसत नाही अशांपैकी एकाने इथे तीस दिवस एकट्याने राहायचं, नोकरी सांभाळून. घरच्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. दर शुक्रवारी संस्थेच्या मॅडम येणार, बघणार, शेरा लिहिणार. तीन 'असमाधानकारक' झाले की सामान बांधायचं. निभावलं तर संस्था हमीचं पत्र देते, घरमालकाला दाखवायला.

ते पत्र मला हवंय. दोन वर्षांत अकरा घरमालक झाले. एकजण फोनवर अगदी गोड बोलला, आणि दारात माझी पांढरी काठी बघून म्हणाला, खोली पाहुण्यांना लागणार आहे. कुठले पाहुणे? वर्षभर तिथे कुलूप आहे.

पत्र मिळालं नाही तर दादाकडे. दादाचं गाव बसने सात तास. तिथे मागची खोली माझ्यासाठी तयार आहे, नवे पडदेही लावलेत म्हणे. पडदे — मला! इथली नोकरी सुटणार आणि मी दादा-वहिनींच्या मागच्या खोलीत म्हातारी होणार. तिशीच्या आत.

ऑफिसात करारावर सही केली. मॅडमनी ती पत्र्याची पट्टी दिली — मधे खाच असते, कागदावर ठेवायची आणि खाचेत सही करायची, म्हणजे रेष सोडून जात नाही. आईने विचारलं, "ही कुठे मिळते?" मला उगाच लाज वाटली.

जादा किल्ली पाकिटात घालून, चिकटवून घरच्यांकडे दिली. आग, पाणी, अपघात, असलंच काही झालं तर फोडायची. एक तारखेला पाकीट न फोडलेलं परत द्यायचं, नाहीतर मुक्काम रद्द.

लॅपटॉपवर लिहितेय. एका कानात इअरफोन, तो प्रत्येक शब्द मला वाचून दाखवतो. दुसरं कुणी ऐकत नाही. बरं वाटतंय.

४ मार्च

भात करपला. खाल्ला.

६ मार्च, गुरुवार

घर पाठ झालं. पलंगापासून दार सहा पावलं. दारापासून ओटा चार. स्टूल ओट्याखाली डाव्या कोपऱ्यात, पाय भिंतीला टेकलेले. कप उलटा, कान उजवीकडे. शिस्त म्हणून नाही हे सगळं. वस्तू वीतभर सरकली की ती माझ्यापुरती या घरात नसतेच, मग शोधत बसा हात फिरवत.

डबे तिन्ही सारखे आहेत. मिठाला एक रबरबँड, साखरेला दोन, चहाला तीन. दुधाच्या पातेल्यात बशी उलटी टाकते, उकळी आली की ती खडखडते आणि मी गॅस बंद करते. उतू गेलं नाही एकदाही.

नोकरीवरही ठीक. पाण्याच्या पंपाच्या कंपनीत तक्रारींचा फोन घेते, दहा ते तीन. आज एकजण पंधरा मिनिटं ओरडला. मग म्हणाला, "थांबा, प्लगच काढलेला दिसतोय." आंधळं कोण ते सांगा आता.

७ मार्च, शुक्रवार

पहिली भेट. 'समाधानकारक'! मॅडम कमी बोलतात. काठीने रस्ता कसा ओलांडायचा तेही त्याच शिकवतात, म्हणून आम्ही सगळे मागे त्यांना छडीबाई म्हणतो. जाताना म्हणाल्या, "बरी आहेस." एवढ्यावर मी दोन तास नाचत होते.

९ मार्च, रविवार

रविवारी घरचे भेटू शकतात, पण खाली, जिन्याजवळच्या बाकावर. आई-बाबा आले होते. आईच्या हाताला मलमाचा वास. विचारलं तर म्हणाली, "वाफ लागली गं." बाबा म्हणाले, "वाफ कसली? तवाच धरला. हल्ली हिचं लक्षच नसतं. तुझ्या काळजीने."

घ्या. म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर.

आणि आईचे प्रश्न! दूध उकळलं ते कसं कळतं? कपात चहा किती भरला ते? बोट कपाच्या आत ठेवतेस की बाहेर? भाजत नाही का? मी चिडले. म्हटलं, "परीक्षा छडीबाई घेतायत, तू नको घेऊस."

११ मार्च, मंगळवार

ऑफिसातून आले आणि स्टुलावर आदळले. नडगी सोलली. स्टूल दारापासून दोन पावलांवर, अगदी वाटेत. मी ठेवलं का तिथे? सकाळी बसलेच नव्हते मी. की बसले होते?

१२ मार्च

कप उलटा, पण कान डावीकडे. मी कधीच डावीकडे ठेवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

स्टूल पुन्हा वाटेत. या वेळी मॅडमच अडखळल्या. दिसत असून! बॅगेकडे बघत होत्या म्हणे. मी म्हटलं, मी ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, "इथे तुझ्याशिवाय कोण राहतं?"

खरंच, कोण राहतं?

शेरा: 'असमाधानकारक. वस्तू जागेवर ठेवण्याची सवय नाही.' मोठ्याने वाचून दाखवला आणि मी पट्टी ठेवून खाली सही केली. सवय नाही! डोळे गेल्यापासून पाच वर्षं मी दुसरं केलंय काय?

१६ मार्च, रविवार

आई आली नाही. बाबा एकटेच. म्हणाले, "संध्याकाळी बाहेर पडायला नको म्हणते ती. गुडघे." दादाचाही फोन आला. "मग? पडदे निळे घेतलेत हं." मी म्हटलं, छान. काय म्हणणार?

१८ मार्च, मंगळवार

चमचा सापडला नाही. पाऊण तास. जमिनीवर रांगून शोधला, पलंगाखालीसुद्धा. शेवटी होता कुठे — ओट्यावर, उजवीकडे. मी डावीकडे ठेवते. ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. चमच्यासाठी.

डोळे गेले तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, ठीक आहे, डोकं शाबूत आहे. घर डोक्यात ठेवीन. आता डोक्यातलं घर आणि हे घर जुळत नाही. डोळ्यांच्या मागोमाग डोकंही चाललंय का? कुणाला विचारू? विचारलं की झालंच. "आम्ही म्हणतच होतो, एकटीला नाही जमायचं."

१९ मार्च

झोपण्याआधी सगळ्या वस्तू तीनदा मोजल्या. मग पुन्हा एकदा.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, चहा कर. मला तेच हवं होतं, चहात मी कुणाला हरत नाही. बशी खडखडली, गॅस बंद. बोट कपाच्या काठावर, थेंब सांडला नाही. दोन रबरबँडचा डबा, दोन चमचे. कप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी घोट घेतला. बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तू घेऊन बघ."

मीठ. दोन चमचे मीठ! दोन रबरबँडच्या डब्यात मीठ होतं. साखरेवर एकच. मी डबे चाचपत राहिले, वेड लागल्यासारखी. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उद्या हाच घोळ औषधाच्या बाटल्यांत झाला तर?"

दुसरा 'असमाधानकारक'. पुढच्या शुक्रवारी शेवटची भेट. अजून एक चूक आणि संपलं.

२२ मार्च, शनिवार

दिवसभर पलंगावर. काही खाल्लं नाही. उठले तर काहीतरी हलेल, म्हणून उठलेच नाही.

डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार. कडेकडून दिसेनासं होत गेलं, मग मधलंही गेलं. आता फक्त उजेड कळतो — खिडकी कुठे, भिंत कुठे. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का? आई ठामपणे नाही म्हणाली. म्हणजे हे माझ्या एकटीच्याच वाट्याचं. मग वाट्याला आलेलं नीट निभवावं तरी! तेही जमेना. चोवीस वर्षांची घोडी, आणि मीठ-साखर कळत नाही.

दादाला फोन लावला. म्हणणार होते, येते. पडदे राहू देत. त्याने उचलला, मागे वहिनी कुणाला तरी सांगत होती, "तिला हाताला धरूनच सगळीकडे न्यावं लागेल ना आता." मी फोन ठेवला.

२४ मार्च, सोमवार

शेजारी एक म्हातारे शिंपी राहतात. मशीन चालू असतं दिवसभर. आज जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्याकडे दुपारी कामाला येतात त्या बाई अलीकडे कठड्याला फार धरून उतरतात. गुडघ्यांना तेल चोळायला सांगा."

मी म्हटलं, "माझ्याकडे कामाला कुणी येत नाही."

"असं कसं? दोन आठवडे झाले. तुम्ही गेलात की अकराला येतात, दोनच्या आत जातात. किल्ली आहे त्यांच्याकडे."

मग पायाखालची जमीन परत जागेवर आल्यासारखं वाटलं. डोकं शाबूत आहे माझं. मी स्टूल ठेवलं नव्हतं. मी ठेवलं नव्हतं ते!

किल्ली एकाच पाकिटात आहे.

२५ मार्च, मंगळवार

आजच लिहून टाकते.

साहेबांना सांगून साडेअकराला निघाले. जिना काठी न टेकता चढले, कठड्याला हात लावून. दाराला कान लावला. आत भांड्याचा बारीक आवाज. मी किल्ली फिरवली आणि आवाज थांबला. कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. स्वयंपाकघरात अंधार — दिवा लावलेला नाही, खिडकीचा पडदा ओढलेला. चोरासारखं. मलमाचा वास.

"आई."

"हो."

"हातात काय आहे?"

"डबा."

"कसला?"

डब्यावर रबरबँड सटकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "साखरेचा."

मी तिच्या हातातून ओढून घेतला. झाकण काढून बोट घातलं, जिभेला लावलं. मीठ. म्हटलं, "हे मीठ आहे. तू रोज येऊन माझी मदत करतेस आणि मीठ साखरेच्या डब्यात ठेवतेस. डोळे असून साधा डबा बघता येत नाही तुला?"

मी बोलत सुटले. तुझा विश्वासच नाही माझ्यावर. मी पडावं, हरावं, तुझ्याकडे परत यावं, हेच हवंय तुला. माझ्या नडगीवरची जखम बघ, निदान ती तरी दिसते ना? तुझ्यामुळे दोन शेरे. तुझ्यामुळे मी स्वतःला वेडी समजत होते. काय काय बोलले. शिंप्याचं मशीनही थांबलं होतं.

"चुकलं माझं," एवढंच म्हणाली. "काळजी वाटते गं."

मी दार उघडून धरलं. जाताना तिचा खांदा चौकटीवर आपटला. मी मुद्दाम काही विचारलं नाही.

२६ मार्च, बुधवार

रात्रभर उलटसुलट विचार. गप्प बसले तर कागदावर राहणार, वस्तू जागेवर ठेवत नाही, मीठ-साखर कळत नाही. सांगितलं तर पाकीट फोडलं म्हणून मुक्कामच रद्द. आईने दोन्हीकडून दार लावलंय माझं.

सकाळी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. खोटं ठरून हरण्यापेक्षा हे परवडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "नियमाने रद्द होतं. किल्ली आजच परत मागवते. शुक्रवारी मी येईन, तेव्हा बघू. आणि आईंनी एक तारखेला ऑफिसात येऊन माफीनामा द्यायचा. लेखी."

"द्यायलाच हवा," मी म्हटलं.

आईचे दोन फोन आले. घेतले नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

मॅडम चार तास होत्या. स्वयंपाक, कपडे, औषधं, बाजारात जाऊन येणं. सगळं जागेवर, सगळं बरोबर. चहाचे दोन कप प्यायल्या. तरी शेवटी, "निकाल एक तारखेला." जीव टांगणीला आहे. झोप नाही, भूक नाही.

१ एप्रिल, मंगळवार

पत्र मिळालं. हमीचं पत्र! पाकीट मी फोडलं नव्हतं, म्हणून मॅडमनी ते दोन शेरे खोडले. हातात धरून बसलेय. बाराव्या घरमालकाशी संस्थेने बोलणंही केलंय, शनिवारी राहायला जायचं.

पण आजचं आणखी लिहायचंय. ऑफिसात आई समोर बसली होती. मी बोलले नाही. मॅडमनी माफीनामा वाचून दाखवला — परवानगीशिवाय प्रवेश केला, सरावात अडथळा आणला, यापुढे बोलावल्याशिवाय मुलीच्या घरात पाऊल टाकणार नाही. बाबा घसा खाकरत होते. मला वाटलं होतं, बरं वाटेल. ऐकताना वाटलं, लवकर संपू दे.

आईने पेन घेतलं. मॅडम म्हणाल्या, "तिथे नाही. खाली, रेषेवर." मग पुन्हा, "अहो, टेबलावर उमटली सही. कागद इकडे आहे."

बाबा म्हणाले, "रडतेय ती, जाऊ द्या."

मॅडम एकदम गप्प झाल्या. त्यांना इतकं गप्प मी कधी ऐकलं नाही. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. "हं, आता करा," त्या आईला म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलता येतं त्यांना? आईने सही केली. ड्रॉवर पुन्हा लावल्याचा आवाज काही आला नाही.

बाहेर पडताना मॅडमनी माझा दंड धरला. काहीतरी सांगणार होत्या, पण "नंतर" म्हणाल्या.

६ एप्रिल, रविवार

नवी खोली. माझी. पलंगापासून दार पाच पावलं.

दुपारी आई आली. बाबांना रिक्षातच बसवून ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "बोलावल्याशिवाय यायचं नाही, लिहून दिलंय मी. डबे आणलेत, तेवढे घे." मी ये म्हटलं नाही. पिशवी ओढून घेतली आणि आत हात घातला. तीन डबे. एक रबरबँड, दोन, तीन. मीठ, साखर, चहा, उघडून चाखून बघितलं, बरोबर होतं.

पिशवीच्या तळाशी पत्र्याची पट्टी लागली. मधे खाच.

"ही कुणाची?"

"माझी. तुझ्या मॅडमनी ड्रॉवरमधून काढून दिली त्या दिवशी. ठेवा म्हणाल्या, लागेल."

मग उंबऱ्याबाहेरूनच सांगत गेली. दीड वर्ष झालंय, तिलाही दिसेनासं होतंय. तोच पडदा, तोच आजार. तिच्या आईला, माझ्या आजीला, शेवटी दिसत नव्हतं ते म्हातारपणामुळे, असं सगळे समजत होते. बाबांना अजून माहीत नाही. "दिवा न लावता, डोळे मिटून, तू करतेस तसं करून बघत होते गं. घरी बाबा असतात दिवसभर. तुला विचारलं असतं, तर हे सगळं सोडून माझ्यापाशी येऊन बसली असतीस."

डोळे असून साधा डबा बघता येत नाही तुला. मीच म्हटलं होतं हे. तिच्या तोंडावर.

ती बाहेर, मी आत. मग मी हात पुढे केला, तिचा हात माझ्या कोपरावर ठेवला, छडीबाईंनी शिकवलंय तसा.

"आत ये, आई. पाय उचल. उंबरा आहे."